बंडखोर नव्हे, बंडकरी

गेल्या उन्हाळ्यात मामाच्या वनहक्क दाव्याची फाइल माझ्या हातात आली. घरात कॉलेज केलेली मीच, तेव्हा कागद वाचायचं काम माझं. मामाचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. भात, नाचणी, वरई आणि उन्हाळ्यात हिरडा, एवढ्यावर चालणारं घर. फाइलमध्ये एक जुनी नोटीस होती. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्यात आजोबांच्या नावापुढे एक शब्द टाइप केलेला होता : अतिक्रमणदार.

मी मोठ्यानं वाचत होते. आजी चुलीपुढे बसून ऐकत होती.

“अतिक्रमण म्हंजी काय गं?”

“दुसऱ्याच्या जागेत घुसणं.”

“मंग घुसलं कोण?”

मला उत्तर सुचलं नाही. तिला ते हवंही नव्हतं. लाकूड आत सारत ती म्हणाली, “माझ्या सासऱ्याचा आजा होन्याच्या बंडात व्हता. तवा बी आपण हितंच व्हतो.”

मी नोटीस बाजूला ठेवली, पण आजीचा ‘बंड’ हा शब्द डोक्यातून जाईना. ‘बंडात होता’ हे ती ज्या सुरात म्हणाली, त्याच सुरात लोक ‘वारीला होता’ म्हणतात. मी हा शब्द ऐकत आले ते टीव्हीवर. अमक्या पक्षात बंडखोरी, तमक्याचं तिकीट कापलं म्हणून बंड, मग बंडोबांचे थंडोबा झाले. या दोन सुरांमधलं अंतर कुठून आलं, हे शोधायचं ठरवलं. सुरुवात केली एका साध्या प्रश्नानं : एखादी सत्ता दुसऱ्याचा मुलूख आपल्यात ओढून घेते, तेव्हा ‘आम्हाला हे मान्य नाही’ म्हणणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणायचं?

‘विलीनीकरणविरोधक’ असा शब्द जुळवता येईल. पण तो कुणाच्या आजीच्या तोंडी बसणार नाही. घोडनेर, मीननेर, कुकडनेर या आमच्या खोऱ्यांमध्ये त्यासाठी एकच शब्द चालत आला, तो म्हणजे बंड.

खालसा म्हणजे शुद्ध

बंड कळायचं तर आधी त्याच्या समोरचा शब्द बघावा लागतो. शाळेत आपण शिकलो, ‘डलहौसीने संस्थाने खालसा केली.’ परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. खालसा म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही.

हा शब्द मुळात अरबी. ‘खालिस’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ. हिंदीत आजही ‘ख़ालिस दूध’ म्हणतात. शिखांच्या ‘खालसा’ची मुळीही तीच. मोगली कारभारात ज्या जमिनीचा सारा मधे कुणा जहागीरदाराकडे न जाता थेट बादशहाच्या खजिन्यात जमा होई, ती जमीन खालसा. मधला वाटेकरी गेला की जमीन ‘शुद्ध’ झाली.

म्हणजे हा शब्द घेणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. ज्याचं गेलं त्याच्या दृष्टीनं ती जप्ती असते, पण वहीत नोंद होते शुद्धीची. गावाची राखण करणारा नाईक, गड सांभाळणारा गडकरी, पिढीजात हक्क खाणारा वतनदार हे सगळे मग त्या शुद्ध दुधातलं पाणी ठरतात. मराठी माणसानं या शब्दाची परतफेड आपल्या पद्धतीनं केली. आपल्याकडे ‘खालसा झाला’ म्हणजे संपला, मेला.

चौथऱ्याखालची डोकी

शिवनेरीवर आपण सगळे जातो. शिवजन्मस्थान, बदामी तलाव, कडेलोटाच्या टोकावर एक रील आणि खाली. गडावर एक चौथराही आहे. लोक त्याला कोळी चौथरा म्हणतात. जुन्या हकिकतींत त्याचं नाव काळा चबुतरा असं येतं.

काळ सतराव्या शतकाच्या मध्याचा. जुन्नर तेव्हा मोगलांकडे होतं. तोडरमलच्या पद्धतीनं इथल्या जमिनीची मोजणी करून साऱ्याचा पक्का आकडा ठरवायचं काम मोगलांनी काढलं. डोंगरातल्या महादेव कोळ्यांना ते पटलं नाही. या डोंगराळ मुलखाला बावन्न मावळं म्हणत आणि तिथे कोळी नाईकांचा अंमल चाले. ज्या जमिनीची कधी कुणी दोरी लावून मोजदाद केली नव्हती, तिथे आता सरकारी माणूस येऊन आकडा सांगणार होता. सरनाईक खेमी यानं नाईकांना एकत्र केलं आणि ते उठले. मोगली फौजेनं उठाव चिरडला. पकडलेल्यांची डोकी उडवली, त्यांची रास रचली आणि वर चौथरा बांधला. पुणे जिल्ह्याच्या १८८५च्या इंग्रजी गॅझेटियरात ही हकिकत आहे. त्याआधी, १८३०च्या दशकात, कॅप्टन मॅकिन्टॉश या अधिकाऱ्यानं महादेव कोळ्यांवर लिहिलेल्या निबंधातही ती येते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हा उठाव कुठल्या राजाच्या बाजूनं नव्हता. सिंहासन कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न मोजणीच्या दोरीचा होता. मुलूख जातो तो आधी नकाशावर जातो असं आपल्याला वाटतं. या खोऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. इथे मुलूख जातो तो शेताच्या बांधावर.

गड गेले, मग हक्क गेले

१८१८ साली तिसरं इंग्रज-मराठा युद्ध संपलं आणि पेशवाई बुडाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मेजर एल्ड्रिज जुन्नरच्या किल्ल्यांवर तोफा घेऊन आला. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन एकामागून एक पडले. ट्रेकला गेलात तर चावंडवर आणि जीवधनवर कातळात खोदलेल्या पायऱ्या मधेच तुटलेल्या दिसतात. त्या झिजून तुटलेल्या नाहीत, सुरुंग लावून उडवलेल्या आहेत. गडावर पुन्हा कुणी जाऊन बसू नये, यासाठी ती तजवीज होती.

पण गड म्हणजे फक्त दगड नव्हेत. गडावर शिबंदी असते, शिबंदीला पगार असतो, घेऱ्यातल्या गावांना राखणीचे हक्क असतात. फेब्रुवारी १८१८मध्ये एल्फिन्स्टननं साताऱ्याहून जाहीरनामा काढला होता. वतनं, इनामं, देवस्थानांची नेमणूक यांना धक्का लागणार नाही, असं त्यात वचन होतं. मोठ्या वतनदारांच्या बाबतीत ते बरंचसं पाळलंही गेलं. डोंगरातल्या नाईकांची येणी मात्र कमी होत गेली आणि गडावरच्या माणसांना काम उरलं नाही. १८२८ ते १८३०च्या दरम्यान रामा किरवा आणि रामजी भांगरे हे नाईक उठले ते याच कारणानं. किरव्याला पकडून फाशी दिलं.

मग आलं १८३९. या सालातली घटना वाचताना मी दचकलेच, कारण ती घडली घोडेगावात. घोडेगाव आज आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण आहे. (ज्याचं नाव तालुक्याला आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं.) वर्षाच्या सुरुवातीला भाऊ खरे, चिमणाजी जाधव आणि नाना दरबारे यांच्या पुढारपणाखाली कोळी आणि इतर माणसं जमली. त्यांनी सांगितलं, आम्ही पेशव्यांच्या नावानं राज्य चालवतो आहोत. पेशवाई जाऊन एकवीस वर्षं झाली होती. बाजीराव तिकडे बिठूरला पेन्शन घेत होता. तरी दीडशेच्या आसपास माणसं घोड्याच्या, म्हणजे घोडेगावच्या, सरकारी खजिन्यावर चालून गेली. पहारेकऱ्यांनी त्यांना मागे रेटलं. पुढे ५४ जण पकडले गेले, खटले झाले. रामचंद्र गणेश गोरे नावाच्या ब्राह्मणाला आणि एका कोळ्याला फाशी झाली.

त्या कोळ्याचं नाव गॅझेटियरात नाही. ‘एक कोळी’ इतकंच आहे. मी ते वाक्य तीनदा वाचलं. एकाच गुन्ह्यात दोघं फासावर गेले. एकाचं नाव बापाच्या नावासकट छापलं, दुसऱ्याची फक्त जात.

त्याच १८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत केलं. त्यांचे वकील रंगो बापूजी दाद मागायला लंडनला गेले. १८५३पर्यंत ते तिथे अर्ज लिहीत, सभांतून बोलत, कंपनीच्या भागधारकांपुढे बाजू मांडत राहिले. दरम्यान १८४८ साली साताऱ्याची गादी चालवणारे प्रतापसिंहांचे भाऊ वारले. डलहौसीनं त्यांचं दत्तकविधान नामंजूर करून राज्य खालसा केलं. रंगो बापूजी हात हलवत परत आले. विरोध करायचे दोन रस्ते होते, एक अर्जाचा आणि एक बंडाचा. ज्याच्याकडे कागद, भाषा आणि जहाजाचं भाडं होतं, त्याला पहिला रस्ता उघडा होता. घोडेगावच्या त्या नाव नसलेल्या माणसाला तो नव्हता.

नाक कापण्याचा अर्थ

रामजी भांगऱ्यांचा मुलगा राघोजी. गाव अकोले तालुक्यातलं देवगाव, म्हणजे आमच्या डोंगराच्या पलीकडचं. १८४४च्या सुमाराला तो उठला आणि त्याचं बंड जुन्नरच्या बाजूलाही पसरलं. त्याचा राग दोघांवर होता, सरकारवर आणि सावकारावर. ते बरोबरही होतं, कारण तोवर दोघं एकाच साखळीच्या कड्या झाले होते. सरकारनं सारा रोख मागायचा, रोख नसली की कुळानं सावकाराकडे जायचं, सावकारानं कागदावर अंगठा घ्यायचा आणि तो कागद कोर्टानं खरा धरायचा. राघोजी २ जानेवारी १८४८ला पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला.

होन्या त्याच्यानंतर पंचवीस वर्षांनी आला. होन्या भागोजी केंगले, गाव जांभोरी, आमच्याच आंबेगावातलं. १८७३पासून तीन वर्षं त्यानं पश्चिम पुणे, नगर, नाशिक आणि ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात सावकारांची झोप उडवली. सरकारनं त्याच्यावर हजार रुपयांचं इनाम लावलं, ठिकठिकाणी पोलिसांची ठाणी बसवली. अखेर १८७६ साली मेजर डॅनियलनं त्याला धरलं.

राघोजी आणि होन्या या दोघांच्या हकिकतींत एक गोष्ट सारखी येते : सावकाराचं नाक कापणं. वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. पण मराठीत नाक म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. नाक वर करून चालणं, नाक खाली होणं, नाक कापलं जाणं. ज्यानं एका अंगठ्यात माझ्या बापाची इज्जत घेतली, त्याची इज्जत मी त्याच्या तोंडावरून घेणार, असा तो हिशेब होता. तो न्याय होता असं मी म्हणत नाही. त्यामागचं व्याकरण एवढंच सांगते.

त्याच काळात, १२ मे १८७५ला, पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खातेवह्या जाळल्या. ते लोण अनेक गावांत गेलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. जमीन गिळण्याचा वेग आवरायला हवा, हे सरकारनंच त्या कायद्यानं कबूल केलं.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ला, दुसरा एक कायदा झाला होता, जंगलाचा. राखीव वनांच्या हद्दी पडल्या आणि ज्या उतारावर नाचणी-वरई पिकत होती, त्यातला बराच भाग हद्दीच्या आत गेला. आमच्याकडे त्याला अजून ‘जमीन फॉरेस्टात गेली’ म्हणतात. पुढे लोक ‘धरणात गेली’ म्हणायला लागले. बोलताना असं वाटतं की जमीन स्वतःच्या पायानं चालत गेली. कुणी घेतली, ते वाक्यात येत नाही.

खोर आणि करी

आता पुन्हा शब्दाकडे येते. बंड करणाऱ्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत. बंडखोर आणि बंडकरी. अर्थ एकच, शेपट्या वेगळ्या.

‘खोर’ हे फारसीतून आलं. त्याचा मूळ अर्थ खाणारा. हरामखोर, लाचखोर, चुगलखोर, नफेखोर, घुसखोर, दरोडेखोर. ही रांग बघितली तरी कळतं की इथे कुणी सज्जन बसलेला नाही. ‘खोर’ म्हणजे वाईट खोड लागलेला. ‘करी’ची रांग बघा : शेतकरी, कष्टकरी, गावकरी, वारकरी, गडकरी. ही कामाची, राबण्याची, नेमाची माणसं. वारकरी वारी करतो, शेतकरी शेत करतो आणि बंडकरी बंड करतो. वेळ आली म्हणून अंगावर घेतलेलं एक काम, खोड नव्हे.

म्हणून एकाच माणसाला दरोडेखोर म्हटलं, बंडखोर म्हटलं की बंडकरी म्हटलं, यावरून बोलणारा कुठे उभा आहे ते कळतं.

नुसत्या ‘बंड’ शब्दाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. १८५७ला उत्तरेत सापडलेल्या विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ १९०७ला छापून आलं, त्याच्या नावातच ‘बंडाची हकीकत’ आहे. त्या पिढीला त्यात काही खटकलं नाही. दोनच वर्षांनी सावरकरांच्या पुस्तकानं त्याच घटनेला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटलं. तिथून पुढे ‘शिपायांचं बंड’ म्हणणं म्हणजे इंग्रजांची री ओढणं ठरलं. सत्तावन्नला बढती मिळाली, ती योग्यही होती. पण त्या बढतीत ‘बंड’ हा शब्द मात्र खाली पडला. तो आता छोट्या, फसलेल्या, आडमुठ्या गोष्टींना उरला. तिकीट न मिळालेला उमेदवार त्याचा आजचा मालक.

अलीकडे राघोजी-होन्यांच्या नावापुढे ‘आद्य क्रांतिकारक’ लागतं. फ्लेक्सवर, चौकाच्या पाटीवर, जयंतीच्या स्टेटसवर. मलाही बरं वाटतं ते. फक्त एक अडचण आहे. ‘क्रांतिकारक’ म्हटलं की सगळं स्वच्छ होतं, जवळजवळ खालिस. आणि खरी गोष्ट इतकी निर्भेळ नव्हती. या टोळ्यांनी सावकारच नाही, गावंही लुटली. भाकरी आणि आसरा द्यायचा की नाही, या पेचात सापडलेल्या गरिबाचे दोन्हीकडून हाल झाले. आणि १८५७ला लेफ्टनंट नटॉलनं इंग्रजांसाठी पलटण उभारली ती कुणाची? जुन्नर, अकोले, नाशिक या डोंगरपट्ट्यातल्या कोळ्यांचीच. ती त्यांनी इमानानं चालवली आणि १८६१ला सरकारनं मोडून टाकली. ज्या घरातला एक जण राघोजीबरोबर हिंडला, त्याच घरातला दुसरा नटॉलच्या पलटणीत असणं अशक्य नव्हतं. दोघांनाही गडावरच्या त्या गेलेल्या पगाराची जागा भरायची होती.

‘बंड’ या शब्दात हे सगळं मावतं. त्यात राग आहे, भूक आहे, चूकही आहे. म्हणून आजीचाच शब्द मला जास्त खरा वाटतो.

जबाब

२००६च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकात आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे. वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. एकाहून जास्त पुरावे लागतात. पावत्या, नोटिसा, जुनी झाडं, बांध, थडगी. आणि त्या यादीत आणखी एक पुरावा आहे, जो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा विश्वास बसला नाही : दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा जबाब, लिहून घेतलेला. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण कायद्याला चालते.

ती ‘अतिक्रमणदार’ म्हणणारी नोटीसही आम्ही फाइलला जोडली. अतिक्रमण केलं म्हणून दंड ठोठावणारा कागदच आता, आम्ही तिथे होतो याचा पुरावा झाला आहे.

समाजमंदिरात जबाब लिहायला बसलो. वनहक्क समितीतला मुलगा माझ्याहून लहान, बारावी झालेला. शेजारच्या एका आजोबांचा जबाब झाला. मग आजी. वय, गाव, कोणती जमीन, कुणाच्या वेळेपासून. आजी म्हणाली, “होन्याच्या बंडापासून.”

मुलाचं पेन थांबलं. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, “ताई, बंड नको लिहायला. वरचे साहेब काय म्हणतील? उगाच दुसरा अर्थ निघायचा. ‘पूर्वापार’ लिहू?”

‘पूर्वापार’ बरोबर शब्द होता. सुरक्षित होता. मीही क्षणभर तेच म्हणणार होते. आजी आम्हा दोघांकडे बघत होती. तिला वाटलं, तिचं बोलणं ऐकू गेलं नाही. म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं. माझ्या सासऱ्याचा आजा बंडात व्हता, तो डोंगरात असताना त्याची बायको हीच जमीन करत व्हती.

त्या बायकोबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते. होन्याचं गॅझेटियरात नाव आहे, इनामाचा आकडा आहे, त्याला पकडणाऱ्या मेजरचं नाव आहे. बंडकरी डोंगरात असताना मागे नाचणी कुणी लावली, हे तिथे नाही. आणि कायद्याला तर नेमकं तेच हवं होतं : जमीन कोण कसत होतं.

“ती सांगते तसं लिही,” मी म्हणाले.

त्यानं लिहिलं. खाली आजीचा अंगठा घेतला, शाई फडक्याला पुसली. फाइल ग्रामसभेतून पुढे गेली आहे. निकाल अजून यायचा आहे.